लॅपटॉपचा फॅन घरच्याघरी साफ करायचाय, उघडू का नको? (नाशिककर प्लीज मदत करा)

पाथर्डीफाटा:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता अडलं म्हणून लिहितोय. माझा पाच वर्षं जुना लॅपटॉप आहे, १५ इंची, साधाच, गेमिंगबिमिंग काही नाही. गेले दोन महिने चालू केला की दहा मिनिटात फॅन असा काही सुटतो की परवा मीटिंगमध्ये पलीकडच्या माणसाने विचारलं, तुमच्याकडे मिक्सर चालू आहे का. कीबोर्डच्या डाव्या बाजूला हात ठेववत नाही आणि दुपारी एखादी मोठी एक्सेल उघडली की माऊससुद्धा अडखळत चालतो. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारा प्रोग्रॅम) टाकून बघितलं तर नुसतं ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल चालू असताना ९४ ते ९६ डिग्री!

आमच्या समोरचा रस्ता कित्येक महिने खोदून ठेवलाय, खिडकी उघडली की टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. त्यात माझं टेबल ज्या खोलीत आहे त्याच खोलीत घरघंटी आहे. हो, माहितीये, बोलू नका.

एका दुकानात दाखवला होता (नाव नको), त्याने न उघडताच मागच्या जाळीतून ब्लोअर मारला, पाचशे घेतले, दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी परत तेच. आता स्वतःच उघडावा म्हणतोय. घरात व्हॅक्युम क्लीनर आहे, भावाकडे ब्लोअर आहे. काय वापरू? वॉरंटी केव्हाच संपलीये त्यामुळे ती भीती नाही.

खटारा_नं_१:
एवढं काय टेन्शन घेताय भाऊ, व्हॅक्युमची नळी लावा मागच्या जाळीला, पाच मिनिटात काम. मी तर आमच्या इथल्या पंक्चरवाल्याकडे नेतो, तो टायरची हवा मारून देतो, फुकटात. चार वर्षं झाली, काही झालं नाही.

अंबडचे_काका:
वरचा सल्ला कृपया कोणी घेऊ नका. खटारा, राग मानू नकोस, तुझं नशीब चांगलं आहे एवढंच.

मी अंबडला एमआयडीसीत आयुष्यभर पॅनेल आणि ड्राइव्ह रिपेअरचं काम केलंय म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत तळाला पाणी साठतं, त्याला सांगून एकदा खालचा कॉक उघडायला लाव, तांबूस पाणी येईल बघ, त्यात कॉम्प्रेसरचं तेलही उतरलेलं असतं. ते सगळं बारीक तुषार होऊन तुझ्या मदरबोर्डवर जातं. शिवाय प्रेशर टायरच्या हिशोबाचं, लॅपटॉपच्या फॅनच्या हिशोबाचं नाही. फॅनची पाती कागदासारखी पातळ असतात. आणि फॅन म्हणजे शेवटी मोटर आहे, तिला बाहेरून हवेने गरागरा फिरवली की ती उलटी वीज तयार करते, आणि तिच्या नेहमीच्या वेगापेक्षा किती जास्त फिरतेय ते तुला कळत नाही, बेअरिंगची वाट लागते. एकदा बेअरिंग गेलं की जी खरखर सुरू होते ती साफ करून जात नाही, फॅनच बदलावा लागतो.

व्हॅक्युमचं वेगळं. नळीतून कोरडी धूळ घासत जाते त्याने प्लास्टिकच्या तोंडावर स्टॅटिक चार्ज साठतो. आपल्याकडे डिसेंबर जानेवारीत निफाडकडचा गार वारा सुटला की स्वेटर काढताना कडकड वाजतं ना, तेच. तुला नुसती टिचकी बसते, चिपला तेवढं पुरतं.

आता मूळ मुद्दा, दुकानदाराच्या ब्लोअरने दोन दिवसच का बरं वाटलं. लॅपटॉप खालच्या जाळीतून हवा ओढतो, फॅन ती हवा बाजूला फेकतो, आणि ती तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमधून, म्हणजे फिन्समधून, बाहेर पडते. प्रोसेसरची उष्णता हीटपाइपमधून त्या फिन्सपर्यंत आलेली असते. धूळ फॅनच्या पात्यांवर थोडीच बसते, खरी बसते ती फॅन आणि फिन्सच्या मधल्या फटीत. चहाच्या गाळणीत चोथा बसतो तशी, आणि तीही आतल्या बाजूने! बाहेरून हवा मारली की तो चोथा फिन्सवरून सुटून मागे फॅनच्या डब्यात जातो. फॅन चालू झाला की दोन दिवसात परत जाऊन फिन्सना चिकटतो. बाहेर काही आलंच नाही तर साफ काय झालं? म्हणून उघडल्याशिवाय खरी सफाई नाही.

पाथर्डीफाटा:
काका _/\_ हे चोथ्याचं लगेच पटलं. दुकानदाराने ब्लोअर मारला तेव्हा बाहेर काहीच उडालं नव्हतं, मला तेव्हाच विचित्र वाटलं होतं.
पण उघडायचं म्हणजे हात कापतायत.

गंगापूररोड_कट्टा:
मॉडेल नंबर काय आहे? मागच्या स्टिकरवर असतो. तो टाकून त्याच मॉडेलचा उघडण्याचा व्हिडिओ शोधा, "तसलाच दिसतो" वर जाऊ नका, एकाच सिरीजमध्ये दोन वर्षांत स्क्रूच्या जागा बदलतात. आणि एचपी, डेल, लेनोवो या तिघांची मेन्टेनन्स मॅन्युअल त्यांच्या साइटवर फुकट असतात, त्यात कोणता स्क्रू किती लांबीचा इथपर्यंत दिलेलं असतं. आधी अख्खं वाचा मग हात लावा.

जुन्या डीव्हीडीवाल्या मॉडेलमध्ये काही ठिकाणी आधी वरून कीबोर्ड काढावा लागतो. तसला असेल तर पहिल्या वेळेला नका करू, त्या कीबोर्डच्या पट्टी केबलचं कुलूप फार नाजूक असतं. खालचं अख्खं झाकण निघणारा असेल तर बिनधास्त.

पाथर्डीफाटा:
खालचं झाकण निघणारा आहे. व्हिडिओ सापडला. एचपी आहे.

नाशिकरोडची_ताई:
मी कॉम्प्युटरवाली नाही, शाळेत मराठी शिकवते, तरीही दरवर्षी दिवाळीच्या सफाईत आमचे दोन्ही लॅपटॉप उघडते, त्यामुळे तुम्हालाही जमेल. माझी पद्धत सांगते, थोडं लांबेल.

आदल्या दिवशी महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर काढून ठेवा. मग शटडाऊन, पण शिफ्टचं बटण दाबून धरून शटडाऊन म्हणा म्हणजे विंडोज पूर्ण बंद होतं, नाहीतर ते अर्धवट झोपतं. चार्जर काढा, माऊस पेनड्राइव्ह सगळं काढा. जमिनीवर सतरंजी घालून बसू नका, टेबलावर करा, पंखा बंद (छताचा हो), आणि सिंथेटिक साडी किंवा स्वेटर नको. काम सुरू करायच्या आधी एखाद्या लोखंडी वस्तूला हात लावा, मी खिडकीच्या गजाला लावते, आणि मधूनमधून परत लावते.

स्क्रूचं सगळ्यात महत्त्वाचं. पांढऱ्या कागदावर लॅपटॉपच्या मागच्या बाजूचं चित्र काढायचं, कसंही वेडंवाकडं, आणि त्यावर दोन्हीकडून चिकटणारी टेप लावायची. जो स्क्रू जिथून निघाला तो चित्रात तिथेच चिकटवायचा. वाटीत सगळे एकत्र टाकायचे नाहीत! मागचे लांब असतात, पुढचे आखूड. पहिल्या वर्षी मी लांब स्क्रू पुढे पिळला आणि तो वरून तळहात टेकतो तिथे टोचून वर आला, अजून फोड आल्यासारखा दिसतो. आणि काही स्क्रू झाकणातच अडकून राहायला बनवलेले असतात, पूर्ण सैल झाले तरी बाहेर येत नाहीत, ते ओढत बसू नका.

झाकण काढायला चाकू, स्क्रूड्रायव्हर काही नको, जुनं एटीएम कार्ड घ्या. बिजागरीच्या बाजूने फट सापडते, कार्ड घालून हळूहळू सरकवायचं, कट कट आवाज येतात आणि प्रत्येक वेळी वाटतं गेला, पण ते क्लिपचेच आवाज असतात. सगळे स्क्रू काढूनही एका जागी अजिबात उचलत नसेल तर जोर लावू नका, तिथे रबरी पायाखाली एखादा स्क्रू लपलेला असतो.

आत गेल्यावर सगळ्यात पहिलं काम बॅटरीची पिन काढणं. धूळ दिसली की हात शिवशिवतात, पण आधी बॅटरी. वायरला धरून ओढायचं नाही, दोन्ही अंगठ्यांच्या नखांनी प्लग डावी उजवी थोडा थोडा सरकवायचा. मग पॉवरचं बटण पंधरा वीस सेकंद दाबून धरायचं, उरलासुरला करंट निघून जातो. आणि हो, बॅटरी पापडासारखी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा, दाबू नका टोचू नका, झाकण आहे तसं ठेवून थेट दुरुस्तीवाल्याकडे. त्याला आग लागू शकते, हे गंमतीत घेऊ नका.

बाकी फॅन कसा साफ करायचा ते काका सांगतील, मला फक्त ब्रश मारता येतो :)

अंबडचे_काका:
ताई, तुम्ही आमच्या अर्ध्या टेक्निशियनपेक्षा बरं सांगितलंत.

लेनोवोच्या थिंकपॅडवाल्यांसाठी एक पुरवणी, बऱ्याच मॉडेलमध्ये बायोसमध्येच (विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं मूळ सेटिंग) आतली बॅटरी तात्पुरती बंद करायचा पर्याय असतो, तो आधी वापरा, चार्जर परत लावला की आपोआप चालू होते.

फॅन. बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन स्क्रूवर असतो आणि एक बारीक प्लग. तो प्लग काढून फॅन उचलला की फिन्सचं तोंड समोर येतं. नमद्यासारखी पट्टी दिसेल, ती ब्रशने भरडत बसू नका, चिमट्याने एका टोकाला धरून सलग उचला. उरलेलं मऊ ब्रशने, कोरा रंगाचा ब्रश चालतो, फक्त केस झडणारा नको. कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा मिळतो, तो दाबून फिन्समधून आतून बाहेर हवा मारा, तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते. फॅनच्या पात्यांमध्ये आधी टूथपिक किंवा इअरबड अडकवा म्हणजे फिरणार नाही, मग एकेक पातं पुसा. बॅटरी सुटलेली असू दे नाहीतर फॅन सुटा असू दे, फिरू द्यायचा नाही तो नाहीच, बेअरिंगला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं.

हवेचा डबा विकत आणणार असाल तर तो उभाच धरायचा आणि टिच टिच मारायचा. तिरका केला की गॅसऐवजी द्रवच बाहेर येतो, जिथे पडेल तिथे बर्फासारखा गारठा आणि वर दव. आणि त्यातला गॅस बऱ्याचदा पेट घेणारा असतो, देवघरात समई चालू असताना शेजारच्या टेबलावर नको.

चिकट मळ असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, एमजी रोडला मोबाईल रिपेअरचं सामान विकतात तिथे मिळतं, ९९ टक्केवालं मागा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यातला अॅसिटोन प्लास्टिक खातो. कोरोनातलं उरलेलं सॅनिटायझर तर अजिबात नको, त्यात ग्लिसरीन असतं, परत धूळ धरेल.

खटारा_नं_१:
बरं बाबा मान्य. पण मग पेस्ट? सगळे म्हणतात फॅन साफ केला की थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि तांब्याच्या मधला उष्णता पोचवणारा लेप, बदलायलाच लागते.

अंबडचे_काका:
नाही. फॅन एकटा निघत असेल आणि तांब्याच्या हीटपाइपला हात लावला नसेल तर पेस्टला हातच लावायचा नाही. पण काही मॉडेलमध्ये फॅन आणि हीटसिंक (हीटपाइप आणि फिन्स मिळून) एकच तुकडा असतो. मग तो प्रोसेसरवरून उचलावा लागतो, आणि एकदा उचलला की जुनी पेस्ट पुन्हा नीट बसत नाही, नवी लावायलाच हवी. जुनी अल्कोहोलने पूर्ण पुसून नवी पातळ पसरायची, डोसा नाही करायचा. स्क्रूजवळ १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात, त्याच क्रमाने आणि थोडे थोडे करत पिळायचे, एकच पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर प्रोसेसरच्या उघड्या काचेसारख्या तुकड्याचा कोपरा उडू शकतो. ग्राफिक्स मेमरीवर जाड रबरी पॅड असतील तर ते तसेच ठेवा, त्यांच्या जागी पेस्ट चालत नाही कारण तिथे फट जास्त असते.

पहिल्या वेळेला मी म्हणेन हीटसिंक काढूच नका. ८० टक्के दोष धुळीचा असतो हा माझा अनुभव, शास्त्र नाही.

सातपूर_सेकंडशिफ्ट:
खरखर येत असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फॅनच्या मध्ये सोडा, मी सोडलाय, बंद झाली.

अंबडचे_काका:
किती दिवस?

सातपूर_सेकंडशिफ्ट:
:D दीड महिना. मग फॅनच बदलला. पण दीड महिना तर गेला ना काढून!

गंगापूररोड_कट्टा:
थेंबाच्या जागी दोन पडले तर ते पात्यांवर उडतं आणि मग धूळ अशी चिकटते की विचारू नका. त्यापेक्षा मॉडेल नंबरवर नवा फॅन मागवा. काढलाच आहे तर बसवायला तेच स्क्रू.

वाट_बघतेय:
शंका. माझा मॅकबुक एअर एम१ आहे, २०२० चा, त्याचा फॅन कुठे असतो? पाच पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर मागवलाय, उद्या येतोय.

गंगापूररोड_कट्टा:
ताई ऑर्डर कॅन्सल करा. त्यात फॅनच नाहीये.

वाट_बघतेय:
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

पाथर्डीफाटा:
अपडेट!! काल रविवारी सकाळी केलं. लांबण लावतोय पण सगळं लिहितो, पुढच्याला उपयोग होईल.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे चित्र काढलं, दहा स्क्रू निघाले. झाकण तीन बाजूंनी सुटलं आणि मागच्या बाजूला काही केल्या सुटेना, दहा मिनिटं घाम. मग लपलेल्या स्क्रूचं वाक्य आठवलं, मागचा लांब रबरी पाय हेअर ड्रायरने जरासा कोमट करून उचलला, खाली दोन स्क्रू महाराज बसलेले. तरी तोवर जोर लावून एचडीएमआयजवळची एक क्लिप मोडली होती, आता तिथे नख जाईल एवढी फट राहते. चालतंय.

बॅटरी फुगलेली नव्हती, हुश्श. प्लग काढायलाच पाच मिनिटं गेली, इतका बारीक. मग फॅन. तीन स्क्रू, एक प्लग, आणि फॅन उचलला तर काका, तुमचा चोथा शब्दशः! आठ सेंटीमीटरची करडी पट्टी, फिन्सच्या तोंडावर आडवी, तीन चार मिलिमीटर जाड. चिमट्याने टोक धरलं तर सलग निघून आली, फेल्टच्या तुकड्यासारखी, आणि एका बाजूला फिन्सच्या बारीक रेघा उमटलेल्या, कंगवा दाबल्यासारख्या. मागून उजेड बघितला तर आत्तापर्यंत एक किरण येत नव्हता, आता सगळा आरपार. ती पट्टी नाकाजवळ नेली तर खवट पिठाचा वास. आई चष्मा लावून बघून गेली आणि म्हणाली, बाजरीचं आहे.

पाती इअरबडने पुसली, एकेक पातं, मध्ये टूथपिक अडकवून. रबरी फुगा नव्हता, शेजारच्या फोटोग्राफरकडून आणला. हीटसिंकला हात लावला नाही.

आणि मग सगळं बंद करून चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत इशारा, कूलिंग फॅन नीट चालत नाही, ९०बी. काळजात धस्स. म्हटलं गेला फॅन.

नाशिकरोडची_ताई:
फॅनचा प्लग लावायचा राहिला ना? मी पण दोन वर्षांपूर्वी हेच केलं होतं, आणि घरी कोणाला सांगितलं नव्हतं.

पाथर्डीफाटा:
हो ना ताई :( बॅटरीचा लावला, फॅनचा विसरलो. लगेच बंद केला, परत बारा स्क्रू, परत ती क्लिप, परत आधी बॅटरी काढून मग फॅनचा प्लग. सगळं मिळून साडेतीन तास, व्हिडिओत अकरा मिनिटात होतं.

आता आकडे. काहीच चालू नसताना ४६ ते ४८. तोच व्हिडिओ कॉल, तोच ब्राउझर, ७१ ते ७३. फॅन फिरतो पण मीटिंगमध्ये कोणी मिक्सर म्हणालं नाही. मुख्य म्हणजे एक्सेल परत पहिल्यासारखी पळतेय, मी उगाच नवीन लॅपटॉपच्या किमती बघत होतो.

अंबडचे_काका:
झकास. एक्सेल पळतेय त्याचं कारण सांगून ठेवतो, प्रोसेसर ठरलेल्या मर्यादेजवळ, इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप चिपमध्ये ती १०० डिग्री असते, पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. तू ९६ ला होतास म्हणजे सतत त्याच उंबरठ्यावर. लोकांना वाटतं लॅपटॉप म्हातारा झाला, तो फक्त धापा टाकत असतो.

उन्हाळ्यात परत चढलाच तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये कमाल प्रोसेसर ९९ टक्के करून बघ, बहुतेक मशीनमध्ये टर्बो (प्रोसेसरचा जास्तीचा वेग) बंद होतो, तुझ्या कामाला फरक जाणवणार नाही. आणि मागच्या दोन पायांखाली बाटलीची दोन झाकणं ठेव, खालून हवा ओढायला जागा मिळते. गादीवर, गोधडीवर ठेवून चालवायचा नाही, तिथे खालची जाळी पूर्ण झाकली जाते.

सातपूर_सेकंडशिफ्ट:
टी५ बिट आहे का कोणाकडे? माझ्या झाकणाला तो सहा पाकळ्यांचा आहे, साधा फुलीवाला बसत नाही, एक स्क्रू आधीच घासून गोल केलाय.

गंगापूररोड_कट्टा:
आहे. घासलेल्याला आता हात लावू नका, रबरबँडचा तुकडा मध्ये ठेवून दाबून फिरवून बघू. शनिवारी संध्याकाळी या, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

खटारा_नं_१:
पाथर्डीभाऊ, मी पण उघडला आज. पंक्चरवाल्याच्या हवेने आत सगळीकडे तेलकट थर आहे, काका बरोबर होते, कोणी हसू नका. ९९ टक्केवालं आणायला निघालोय. आणि ते घरघंटीचं काय केलंत शेवटी, हलवली का?

पाथर्डीफाटा:
टेबल हलवलं. घरघंटी कुठली हलतेय.